पहिल्या शाळा आपण काढल्या, मग रविवारी ती मुलं कुठे असतात?



पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. ख्रिस्ती नसलेल्या मित्रांनीही वाचा, कारण शेवटी कायद्याचा जो मुद्दा आहे तो मंदिर, मशीद, विहार, चर्च सगळ्यांना सारखाच लागू आहे.

विशेष मुलांना शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे "मिशनऱ्यांनी अपंगांसाठी केवढं काम केलं!" असं कोणी म्हटलं की बरं वाटतं, आणि लगेच एक प्रश्नही पडतो. काम केलं हे शंभर टक्के खरं. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा आणि अंधांची पहिली शाळा, दोन्ही ख्रिस्ती माणसांनी काढल्या. आपण हे भाषणांत अभिमानाने सांगतो. मग रविवारी उपासनेला बसल्यावर जरा मागेपुढे बघा. व्हीलचेअरवर कोण आहे? हातांनी बोलणारं कोण आहे? डाउन सिंड्रोम असलेलं एखादं मूल दिसतं का? दिसलंच तर ते शेवटच्या बाकावर, दाराजवळ, आईच्या घट्ट हातात.

थोडा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.६ टक्के. त्याच जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार. तेच प्रमाण धरलं तर आपल्यात २८ हजारांच्या आसपास अपंग माणसं असायला हवीत. २०० सभासदांच्या मंडळीत पाच. तुमच्या मंडळीतले पाच कोण, नावं सांगता येतील का? आणि घरातलं अपंगत्व लपवायची आपल्याकडची रीत बघता खरा आकडा याहून मोठाच असणार.

ही माणसं गेली कुठे, याचं उत्तर इतिहासात सापडतं असं मला वाटतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात युरोपातून करावी लागते. विशेष शिक्षण म्हणून आज आम्ही जे करतो त्याचा जन्मच चर्चच्या दारात झाला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, विश्वासाचा संबंध ऐकण्याशी जोडला आहे. त्याचा अर्थ पुढे काहींनी शब्दशः घेतला. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापर्यंत विश्वास पोचणार कसा? बोलता येत नाही तो पाप कबूल कसं करणार? लग्नाची वचनं कशी देणार? प्रश्न असा उभा राहिल्यावर काहींनी हात झटकले, आणि काहींनी शिकवायला घेतलं.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या ओन्या इथल्या मठात पेद्रो पोन्से दे लेओन नावाच्या बेनेडिक्टाइन साधूने सरदार घराण्यांतल्या बहिऱ्या मुलांना लिहायला, वाचायला, काही प्रमाणात बोलायलाही शिकवलं. पुढे १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंची गाठ दोन बहिऱ्या बहिणींशी पडली. त्यांना धर्मशिक्षण मिळावं एवढाच त्यांचा हेतू. पण त्यांनी डोकं वापरलं. या मुली आपसात हातांनी बोलतात, तर मीच त्यांची भाषा का शिकू नये? त्यातून बहिऱ्या गरीब मुलांसाठी मोफत शाळा उभी राहिली आणि खुणांच्या भाषेला शिक्षणात मान मिळाला. म्हणजे एका पाद्रीसाहेबांना दोन मुलींना उपासनेत घ्यायचं होतं म्हणून एक विद्या वाढली. आधी वेदीजवळची जागा, मग शाळा, असा तो क्रम होता. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो उलटा झालेला दिसेल.

१८८० साली इटलीत मिलान इथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष जूलिओ तार्रा हे स्वतः धर्मगुरू. तिथे ठराव झाला की बहिऱ्या मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं, खुणा बंद. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. या ठरावाबद्दल पुढच्या पिढीतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूवरमध्ये. मधली १३० वर्षं गेली ती गेलीच.

आपल्या मुंबईत १८८५ साली कर्णबधिरांची शाळा निघाली ती मिलानच्या ठरावानंतर पाचच वर्षांनी. मुंबईचे तेव्हाचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन, जर्मन जेझुइट, यांनी ती सुरू केली. माझगावची ही संस्था भारतातली या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. तिच्यामुळे किती घरांत उजेड गेला याला मोजमाप नाही. पण तिच्यानंतर देशभर ज्या शाळा निघाल्या त्यांतल्या बहुतेकींत पुढची कित्येक दशकं खुणा करायला मनाई होती. कारण जगभर वारं तेच होतं.

याचा चर्चशी काय संबंध? आरशासमोर उभं राहून आवाज न काढता तीन शब्द म्हणा: पाप, बाप, माप. ओठ तिन्ही वेळा अगदी सारखेच हलतात. आता वीस फुटांवर उभे असलेले, दाढीवाले, मान खाली घालून वाचणारे पाळकसाहेब डोळ्यांसमोर आणा. बहिऱ्या माणसाने त्यांच्या ओठांवरून देव "बाप" आहे की "पाप" आहे हे ओळखायचं! शाळेने बोलायला शिकवलं, मंडळीने खुणा शिकल्या नाहीत, आणि तो माणूस आयुष्यभर उठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. शेजारचे लोक उभे राहिले की उभं राहायचं, एवढीच त्याची उपासना. वर आपण म्हणायचं, "किती शांत आणि भक्तिमान आहे बघा."

आता अंधांकडे वळू. अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये अमृतसरला अंधांची शाळा काढली. भारतातली पहिली. पुढे १९०३ मध्ये ती डेहराडूनजवळच्या राजपूरला गेली. आपल्याकडे या कामाला वेग आला तो दुष्काळाने. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ म्हणजे भूक, देवी, डोळे येणं, आणि त्यातून गेलेली दृष्टी. रस्त्याच्या कडेला सोडलेल्या मुलांत आंधळी मुलं किती असत याची कल्पनाच केलेली बरी. कमावता येणार नाही म्हणून आधी त्यांनाच सोडलं जाई.

अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. आजची दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आंधळ्या मुली-बायकांसाठी वेगळं सदन झालं, त्याला नाव दिलं बार्तीमयचं. यरीहोच्या वाटेवर बसून ओरडणारा, लोकांनी गप्प केलं तरी गप्प न बसणारा तो बार्तीमय. नाव ठेवतानाही रमाबाईंचं भान कसं होतं बघा.

रमाबाईंची लेक मनोरमाबाई ब्रेल शिकली होती. तिने मुक्तीतल्या आंधळ्या बायकांना शिकवायला घेतलं. वेतकाम, विणकाम हे होतंच. पण खरी गंमत पुढे आहे. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात हजार बायकांमागे साक्षर होत्या जेमतेम सहा-सात. म्हणजे दौंड तालुक्यातल्या गावात डोळस बाई निरक्षर, आणि मुक्तीतली आंधळी बाई बोटांनी शुभवर्तमान वाचून दाखवतेय! ती भिक्षा मागायला आलेली नाही, शिकवायला आलेली आहे. तिच्याबद्दलचा शेजाऱ्यांचा ग्रह एका पुस्तकाने बदलला असेल.

मला मुक्तीचा हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे आंधळ्या बाईला ताट मिळालं, अंथरूण मिळालं, आणि त्याबरोबर काम मिळालं, तेही मंडळीतलं काम. समावेशन हा अवघड शब्द आपण आज वापरतो. साध्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्यावाचून आमचं अडतं असं समोरच्याला वाटलं पाहिजे.

मग बिघडलं कुठे?

एक लक्षात घ्या, दुष्काळात वेगळं सदन काढणं हा अन्याय नव्हता. वेगळं घर म्हणजे जीव वाचणं होतं. पण दुष्काळ संपला तरी वेगळेपण राहिलं. शाळा मुंबईत, वसतिगृह मुंबईत, मूल मात्र संगमनेरचं, जालन्याचं, कोकणातलं. सहाव्या वर्षी गेलेलं मूल अठराव्या वर्षी गावी परतलं तर गावच्या मंडळीत त्याला ओळखणारं कोणी नाही. त्याच्या वयाची पोरं संडे स्कूलमध्ये एकत्र वाढली, नाताळची नाटकं केली, एकत्र दृढीकरणाला उभी राहिली. हा कुठेच नव्हता.

दुसरी गोष्ट, आपण काम वाटून टाकलं. अपंगांचं बघायला मिशन आहे, सिस्टर आहेत, मॅडम आहेत. मंडळीने वर्षातून एकदा वर्गणी काढायची, नाताळला फळं आणि ब्लँकेटं न्यायची, फोटो काढायचा. ज्यांना ही मुलं कळतात ते शिक्षक सोमवार ते शनिवार शाळेत. रविवारी त्याच शिक्षिका चर्चमध्ये आल्या की त्यांना कोणी विचारत नाही की बाई, आपल्या उपासनेत काय बदलायला हवं? कॉयरमध्ये त्यांना घेतील, महिला मंडळाच्या चहाला बोलावतील. त्यांचं ज्ञान मात्र चपलांबरोबर दाराबाहेर. आबे द लेपेंचा क्रम इथे उलटा झाला. शाळा राहिली, वेदीजवळची जागा गेली.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे, ती धर्मविचाराची. लेवीयच्या २१ व्या अध्यायात अहरोनाच्या वंशातल्या शारीरिक व्यंग असलेल्या पुरुषाला वेदीजवळ जायला मनाई आहे. पवित्र भाकर खायला मात्र त्याला परवानगी आहे, हे आपण सोयीने विसरतो. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत शारीरिक व्यंग हा धर्मगुरू होण्यातला अडथळा म्हणून नोंदलेला होता. १९८३ च्या नव्या संहितेतून ते कलम गेलं. तिथून मे २०२४ पर्यंत या. केरळात त्रिशूरला जोसेफ तेर्मडम यांना दीक्षा मिळाली, भारतातले पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू म्हणून. मुंबईत शाळा निघाली १८८५ ला आणि वेदीवर कर्णबधिर माणूस उभा राहिला २०२४ ला. १३९ वर्षं.

आपण प्रॉटेस्टंट लोक याबाबतीत पुढे आहोत असं समजू नका. आपल्याकडे चंगाई सभा आहेत. अपंग माणसाला सगळ्यात पुढे बसवायचं, डोक्यावर हात ठेवायचा, तो उठला नाही तर "विश्वास कमी पडला" म्हणून मोकळं व्हायचं. बिचारा आला होता तेव्हा फक्त लंगडा होता, परत जाताना लंगडा आणि अविश्वासू. गावात मागच्या जन्मीचं पाप म्हणतात, आपल्यात आईबापाचं पाप म्हणतात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि येशूने तो साफ उडवून लावला होता. तरी आपण आपलं विचारतोच आहोत.

गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगते. मंडळीचं नाव सांगणार नाही. चौदा वर्षांच्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. बरोबरीची मुलं दृढीकरणाच्या वर्गाला बसली होती. ती म्हणाली, "बाई, माझ्या पोराला भाकर कळते. घरी पाव मोडला तरी हात जोडतो. पण कमिटी म्हणते, त्याला समजत नाही, उगाच हसं होईल." मी कमिटीला एवढंच विचारलं, की दोन महिन्यांच्या बाळाला आपण बाप्तिस्मा देतो, त्याला काय समजतं? आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना विस्मरण झालं, त्यांना बायकोचं नावही आठवत नाही, तर उद्यापासून त्यांचं प्रभुभोजन बंद करायचं का? उत्तर मिळालं नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षीही पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ते कुटुंब आता दुसरीकडे जातं. कुठेतरी जातं हेच नशीब, बरीचशी कुटुंबं कुठेच जायची बंद होतात.

हा प्रश्न आपल्यालाच पडला असं नाही. १९६८ च्या सुमाराची फ्रान्समधली हकिगत आहे. एका जोडप्याला दोन मुलगे, दोघेही बौद्धिकदृष्ट्या गंभीर अपंग. त्यांना आपल्या धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर लूर्दला जायचं होतं. उत्तर मिळालं, मुलांना काही कळणार नाही आणि इतरांना त्रास होईल. ते एकटेच गेले. हॉटेलवाल्याने खोली दिली, पण जेवण खोलीतच करायचं या अटीवर. यात्रेच्या गावात, मरियेच्या दारात!

त्यांचं दुःख ऐकून काम हाती घेतलं त्यांत मारी-एलेन मात्यू या बाई होत्या. पेशाने विशेष शिक्षिका. त्यांच्याबरोबर जाँ व्हानिये. त्यांनी ठरवलं की याच मुलांची, याच आईबापांची यात्रा काढायची. १९७१ च्या ईस्टरला १२ हजार लोक लूर्दला आले, त्यातले ४ हजार बौद्धिक अपंगत्व असलेले. त्यातून "श्रद्धा आणि प्रकाश" अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली, जी आज भारतासह कितीतरी देशांत आहे. तिची रीत साधी. अपंग व्यक्ती, त्यांचे आईबाप आणि मित्र महिन्यातून एकदा भेटतात, जेवतात, गातात, प्रार्थना करतात. संस्था नाही, वसतिगृह नाही. मुलं आपल्या घरी, आपल्या मंडळीतच राहतात.

याच व्हानिये यांच्याबद्दल २०२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीतून स्त्रियांच्या लैंगिक शोषणाच्या गोष्टी बाहेर आल्या. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, पण म्हणून गुन्हा लहान होत नाही. हे इथे मुद्दाम लिहितेय. अपंगांची सेवा करणारा माणूस म्हणजे संत, त्याला प्रश्न विचारायचा नाही, ही सवय धोक्याची आहे. ज्या मुलांना तक्रार सांगता येत नाही त्यांच्याभोवती नियम जास्त कडक हवेत. कोणाही मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटं असू नये, मग तो पाळक असो, शिक्षक असो की स्वयंसेवक.

१९९४ मध्ये अमेरिकेत नॅन्सी आयस्लंड यांचं "द डिसेबल्ड गॉड" हे पुस्तक आलं. बाई स्वतः जन्मापासून अपंग. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातापायांवरचे घाव गेले नाहीत, शिष्यांनी त्याला त्या घावांवरून ओळखलं. मग अव्यंग शरीर हेच देवाचं प्रतिरूप हे आपण कुठून आणलं? या विचाराने जगभरच्या चर्चांत चर्चा सुरू झाली. जागतिक चर्च परिषदेने २००३ मध्ये अपंगत्वाविषयी "सर्वांचं आणि सर्वांसाठी चर्च" अशा अर्थाचं निवेदन काढलं. आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचाही याच विषयावरचा वेगळा विभाग आहे. म्हणजे कागद तयार आहेत. कागद नागपुरातून आपल्या मंडळीच्या पायरीपर्यंत यायचा आहे.

आणि आता पायरीचाच मुद्दा, कायद्याचा.

अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, पण धार्मिक संस्थांना त्यातल्या सार्वजनिक जागांच्या नियमांतून सूट मिळाली. चर्चवाल्यांनीच ती मागून घेतली होती. भारतात अशी सूट नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात सरकारी आणि खासगी दोन्ही इमारती येतात, आणि धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींचा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये. मुदत कधी संपली ते तुम्हीच मोजा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला सुनावलं, की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा.

"आमचं चर्च दगडी आहे, शंभर वर्षांचं आहे, हात लावता येत नाही," असं लगेच कोणीतरी म्हणेल. उताराचं गणित सोपं आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दाराला सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या असतील तर उंची दोन फूट, उतार चोवीस फूट. जागा कमी असेल तर मध्ये वळण घेता येतं, बाजूच्या दाराला करता येतो. दगडाला धक्का लागत नाही. एसी आणि एलईडी पडद्यासाठी भिंतीला भोकं पाडताना कोणाला वारसा आठवला नव्हता.

पण उतार झाला म्हणजे काम झालं असंही नाही. उतार फक्त दारापर्यंत नेतो. पुढचं काम आम्हा शिक्षकांना येतं, आणि त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. वार्षिक सभेत मांडायला काही ठोस गोष्टी देते:

१. मंडळीतल्या विशेष शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांची यादी करा. त्यांच्याबरोबर किमान दोन अपंग सभासद आणि एक पालक घेऊन छोटी समिती करा. अपंगांना वगळून अपंगांची समिती करू नका, मिलानमध्ये तेच झालं होतं.

२. उपासनेचा क्रम चित्रांत काढून एका पानावर द्या. गीत, प्रार्थना, वाचन, प्रवचन, भाकर, आशीर्वाद. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे कळलं की त्याची अर्धी अस्वस्थता जाते. शाळेत आम्ही हे रोज करतो.

३. दृढीकरणाचा आणि प्रभुभोजनाचा सराव आठवड्याच्या मधल्या दिवशी, रिकाम्या चर्चमध्ये घ्या. वाडगं, पेला हातात द्या, चव घेऊ द्या. शंभर माणसांसमोर पहिल्यांदाच झालं तर मोठी माणसंही गोंधळतात.

४. प्रवचनाचे मुद्दे आणि गीतं शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. अंध सभासद मोबाइलवर ऐकतील, कर्णबधिर वाचतील, आजीबाई अक्षर मोठं करतील. फोटो नको, टाइप केलेला मजकूर हवा. फोटो मोबाइल वाचून दाखवेलच याचा भरवसा नसतो.

५. दोन-तीन तरुणांना भारतीय सांकेतिक भाषा शिकायला पाठवा. दिल्लीच्या सरकारी संस्थेचा दहा हजार शब्दांचा कोश मोफत बघायला मिळतो. सुरुवात "जय ख्रिस्त" आणि "कसे आहात"ने झाली तरी पुष्कळ.

६. काम द्या. दान-पेटी फिरवणं, दारात स्वागत करणं, ब्रेलवरून वाचन करणं, मेणबत्ती लावणं. मुक्तीतल्या त्या आंधळ्या बायका आठवा.

७. ओरडणाऱ्या मुलाकडे मान वळवून बघायचं नाही. याला ठरावही लागत नाही.

"एका मुलासाठी एवढं सगळं?" असं विचारतात. दाविदाने मफीबोशेथासाठी मेज मांडलं तेव्हा तो एकच होता, दोन्ही पायांनी अधू, आणि शत्रूच्या घराण्यातला. लूकच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीतही ज्यांना मुद्दाम बोलवायला सांगितलंय ते हेच लोक. ते आले तरच घर भरतं, अशी ती गोष्ट आहे. शिवाय आपण सगळेच म्हातारे होणार आहोत. गुडघे जातील, कान जातील, मोतीबिंदू येईल. आज बांधलेला उतार वीस वर्षांनी तुमच्याच कामी येईल.

आपल्या आधीच्यांनी दुष्काळात, पैसा नसताना, ब्रेलची एक लिपी नसताना काम केलं. भारती ब्रेल १९५१ साली आली, त्याआधी मिशनागणिक वेगळी लिपी होती. तरी त्यांनी शिकवलं. आपल्याकडे आज पैसा आहे, कायदा आहे, मोबाइल आहे, शिकलेल्या बायका-पुरुषांची फौज आहे. कमी आहे ती फक्त विषय सभेत मांडण्याची.

तुमच्या मंडळीत, पॅरिशमध्ये किंवा गावच्या मंदिरात, विहारात यातलं काही झालं असेल तर खाली लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल. कोणाला चित्रांचं वेळापत्रक करायचं असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, नमुना पाठवते. आणि सभेची तारीख लागली असेल तर विषय आजच लेखी देऊन ठेवा. ऐनवेळचे विषय म्हणून तो शेवटी ढकलला जातो, आणि तोवर सगळे जेवणाकडे निघालेले असतात.